नटाची मनोधारणा : मारुंजीच्या संदर्भात एक विवेचन

नट जन्मावा लागतो की घडवता येतो, हा वाद नाट्यसमीक्षेत अद्याप मिटलेला नसला, तरी मुळशी तालुक्यातील मारुंजी या गावाने तो आपल्यापुरता निकालात काढलेला दिसतो. तेथील प्रत्येक गृहसंकुलात किमान एक जन्मजात नट राहतो आणि तो बहुधा संगणक अभियंता असतो. हिंजवडीच्या राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानाच्या शेजारामुळे या गावाच्या शेतांत उंच इमारती उगवल्या आणि त्यांत राहायला आलेल्यांपैकी काहींनी सामानासोबत अभिनयाची अपुरी राहिलेली हौसही वर चढवली. महाविद्यालयात असताना ही मंडळी पुरुषोत्तम करंडकासाठी, म्हणजे महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून पुण्यात घेत असलेल्या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेसाठी, भरत नाट्य मंदिरात ‘आवाज कुणाचा’ अशा आरोळ्या ठोकून आलेली असतात. पुढे नोकरी लागते, आवाज बसतो आणि हौस तेवढी उभी राहते.

या वर्गात गुणांची वानवा आहे, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. भरतमुनींच्या नाट्यशास्त्राने अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत : शरीराच्या हालचालींनी होणारा आंगिक, वाणीने होणारा वाचिक, वेशभूषा व रंगभूषा यांनी साधणारा आहार्य आणि मनातील भाव देहावर आपोआप उमटल्याने सिद्ध होणारा सात्त्विक. मारुंजीकर अभियंत्याचा या चारही प्रकारांचा सराव कार्यालयीन वेळेतच होत असतो. ऑनलाइन बैठकीत मनाने अन्यत्र असताना समजल्याप्रमाणे मान डोलावणे हा आंगिक. ‘काम जवळजवळ झालेच आहे’ हे एकच वाक्य सलग काही शुक्रवार तितक्याच ताज्या स्वरात उच्चारणे हा वाचिक. वर इस्त्रीचा शर्ट आणि मेजाखाली बर्म्युडा हा आहार्य. आणि वेतनवाढीचा आकडा कळताच स्तंभ, स्वेद व वैवर्ण्य, म्हणजे जागीच थिजणे, घाम फुटणे व चेहऱ्याचा रंग उडणे, हे तीन भाव एकदम प्रकटणे हा सात्त्विक. एवढी सिद्धता असूनही हा नट रंगमंचावर का दिसत नाही, हा खरा अभ्यासाचा विषय होय.

त्याचे कारण तालमीत सापडते. तालीम म्हणजे तेच वाक्य, तीच हालचाल आणि तोच प्रवेश सहकलाकारांसह पुन्हापुन्हा करणे, असा सरळ अर्थ असला, तरी इच्छुक नट तालमीपूर्वीची तयारी हाच स्वतंत्र व्यवसाय मानतो. तो प्रथम दाढी वाढवतो, नंतर छायाचित्रे काढून घेतो, शनिवार-रविवारच्या कार्यशाळेत डोळे मिटून झाड होतो आणि मग ‘योग्य मनोवृत्ती’ तयार होण्याची वाट पाहतो. सातच्या तालमीसाठी तो पावणेसातला गटावर ‘निघालोय’ असा संदेश पाठवतो. हा संदेश अनेकदा अंगाला साबण लावण्यापूर्वी पाठवलेला असल्याने त्यास भविष्यकाळातील क्रिया समजावे. पुढे लक्ष्मी चौक व भूमकर चौक यांतील कोंडी कारण म्हणून कामी येते. ती खरी असते, परंतु ती रोजच असते, आणि रोजची गोष्ट निमित्त म्हणून चालत नाही, एवढेच नटाच्या शिस्तीचे पहिले सूत्र आहे.

नोकरी व नाटक एकत्र नांदत नाहीत, हा युक्तिवाद पुण्याच्या रंगभूमीसमोर तरी टिकत नाही, कारण येथील नाटकाने एके काळी रुग्णालयाएवढे डॉक्टर पोसले. डॉ. श्रीराम लागू हे कान-नाक-घसा तज्ज्ञ होते. वैद्यकी सांभाळून त्यांनी हौशी नाटके केली आणि १९६९ मध्ये, वयाची चाळिशी उलटल्यावर, पूर्णवेळ रंगभूमी पत्करली, तर पुढच्याच वर्षी ‘नटसम्राट’ मधील गणपतराव बेलवलकर त्यांच्या वाट्याला आले. डॉ. मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ, आणि दौंडला दवाखाना चालवणारे डॉ. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ. लहान मूल रात्री-अपरात्री रडते आणि त्याला तालमीची वेळ सांगून उपयोग नसतो. तरीही तालमी झाल्या. ‘क्लायंटचा कॉल’ ही अडचण यापुढे फारशी गंभीर वाटत नाही.

याच पटेलांनी १९७२ मध्ये दिग्दर्शित केलेले विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ शिस्तीच्या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. त्यातील नाना फडणवीसाची आगाशे यांनी केलेली भूमिका सर्वांच्या स्मरणात असते; पण ते नाटक उभे राहते ते मानवी भिंतीवर, म्हणजे रांगेने उभे राहून गाणाऱ्या, डोलणाऱ्या आणि प्रसंगी पाठ फिरवून पडदा होणाऱ्या ब्राह्मणांवर. या भिंतीतील नटाला टाळीचे वाक्य नसते. तो एका मात्रेने चुकला, तर मात्र संपूर्ण प्रेक्षागृह त्याच्याकडे पाहते. अर्थात प्रसिद्धीचा हा मार्ग कोणासही खुला असला, तरी तो एकदाच वापरता येतो. मारुंजीच्या इच्छुकाला नाना व्हायचे असते, ही चूक नव्हे. भिंतीत उभे राहण्याचा सराव न करता नाना व्हायचे असते, ही अडचण आहे. शेजाऱ्याचा श्वास ऐकणे, त्याच्या वाक्याला आपल्या चेहऱ्याने जागा देणे आणि आपल्याकडे कोणी पाहत नसतानाही भूमिकेत राहणे, हे सारे शिकण्याचे ठिकाण ती भिंतच होय.

जानेवारी २०२४ मध्ये शंभरावे अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलन पिंपरी-चिंचवडमध्येच भरले आणि अध्यक्षपदी जब्बार पटेलच होते, त्यामुळे ‘पुणे लांब पडते’ हे निमित्तही निकालात निघाले. तात्पर्य, मनोवृत्ती आधी घडते व मग माणूस तालमीला जातो, हा समज उलटा आहे. माणूस कंटाळा आलेला असतानाही वेळेवर जात राहतो आणि त्या जाण्याचेच कालांतराने मनोवृत्तीत रूपांतर होते. ज्याला हे मानवत नाही, त्याच्यासाठीही मराठी रंगभूमीने एक भूमिका राखून ठेवली आहे : परीक्षकांच्या नावाने बोटे मोडणारा, संधी न मिळालेला गुणी नट. या भूमिकेला पाठांतर लागत नाही, वेळेचे बंधन नाही, चहाच्या टपरीवर तिचे रोज प्रयोग लागतात आणि बदली कलाकारांची तर रांगच लागलेली असते.