लाल सदऱ्याचं घर

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'स्टार ट्रेक' लागायचं. कॅप्टन कर्कचं 'एंटरप्राइज' हे यान काळोखातून सरकत जायचं आणि आमच्या परभणीच्या बाजूला पडद्यावर मुंग्याच इतक्या असायच्या, की त्यांतले तारे कोणते आणि मुंग्या कोणत्या हे ठरवेपर्यंत निम्मा भाग संपे. संवाद इंग्रजी. त्यामुळे गोष्ट आम्हीच आपसांत लावून घ्यायचो. टोकदार कानांचे स्पॉकसाहेब कधीच कसे हसत नाहीत, यावर वाड्यात मतभेद होते. एका आत्याचं ठाम म्हणणं होतं की त्यांची दाढ दुखत असणार.

हा उद्योग आम्ही एकटेच करत नव्हतो, हे फार पुढे कळलं. अमेरिकेत ही मालिका ८ सप्टेंबर १९६६ला सुरू झाली आणि ७९ भागांनंतर १९६९मध्ये बंद पडली. पण ती सुरू असतानाच, १९६७ साली, चाहत्यांनी 'स्पॉकनेलिया' नावाचं सायक्लोस्टाईल नियतकालिक काढलं होतं. दूरचित्रवाणीवर जे दाखवलं नाही ते ही मंडळी कागदावर घडवू लागली. स्पॉकच्या घरचे कसे असतील, दोन मोहिमांच्या मधल्या मोकळ्या दुपारी यानावर काय चालत असेल, असं सगळं. कथा भाबड्या असत आणि पुष्कळींची नायिका म्हणजे लिहिणारीच. त्याची गोड थट्टा १९७३ साली पॉला स्मिथ यांनी एका इवल्याशा कथेत केली. तिच्यातली मेरी सू साडेपंधरा वर्षांची, ताफ्यातली सगळ्यांत लहान अधिकारी, रूपाने आणि बुद्धीने अशी की खुद्द कॅप्टन भाळतो. शेवटी ती मरते आणि सगळं यान रडतं. आपण गेल्यावर कोण कोण रडेल, याचा हिशोब अंथरुणात पडल्या पडल्या कुणी केला नसेल? मला तरी ती थट्टा वाचून हसू आलं, आणि मग त्या पोरीची जरा मायाच वाटू लागली.

माझा जीव मात्र पहिल्यापासून लाल सदऱ्यांवर. ग्रहावर उतरायच्या तुकडीत कर्क, स्पॉक, डॉक्टर मॅकॉय आणि सोबत लाल सदऱ्यातला एखादा अनोळखी जवान. जाहिरातीआधी मरायचं कुणी, हा प्रश्न त्या सदऱ्याच्या रंगानेच सोडवलेला. खडकाआडून धूर आला, हा गेला. डॉक्टर वाकून बघत, मान हलवत, आणि कॅप्टन पुढच्या वाक्याला लागत. एवढ्या मोठ्या विश्वात त्याच्यासाठी पाटभर जागा नव्हती. त्याचं सुतक कुणी धरलं, घरी कुणी कळवलं, काही पत्ता नाही. लांबलचक गाथेच्या कडेला बसून छोटी गोष्ट लिहायची, तर ती याची लिहावी. कॅप्टनसाठी ७९ भाग आहेतच की.

यात परकं काही नाही. आपल्या बायकांनी हे जात्यावर बसून कधीच केलं आहे. गी पॉइतव्हँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत परभणी जिल्ह्यातल्याच ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांच्या ओव्या आहेत. सीता वनात एकटी रडते आहे आणि तिची समजूत घालायला बोरी-बाभळी बायका होऊन येतात. वाल्मीकींनी हा प्रसंग लिहिला नाही. त्यांना आश्रम होता, शिष्य होते, पुढची कांडं होती. पण सीतेजवळ त्या रात्री बसणार कोण, ही काळजी ताडकळसला पडली, आणि बसायला कुणी नव्हतं म्हणून बांधावरची काटेरी झाडं उठून गेली. एवढ्या लांबच्या कथेत आपल्या शिवारातली बाभूळ नेऊन ठेवायला कुणाची परवानगी लागली नाही. अमेरिकेतल्या सायक्लोस्टाईलवाल्यांना हे कुणी सांगितलं असतं, तर त्यांनी गंगूबाईंना सन्मानाने संपादक मंडळावर घेतलं असतं.

तेव्हा माझ्या गोष्टीत 'एंटरप्राइज' आमच्याच जिल्ह्यातल्या मानवतच्या वर येऊन थांबतं. दिवस कापसाचे. बाजार समितीच्या वाटेवर गाड्यांची रांग, जिनिंगमधून सुटलेली तूस हवेत तरंगते आहे, आणि यानातून ती पाहून स्पॉक या भागात गुरुत्वाकर्षण कमी असल्याची नोंद करतात. माणसांना क्षणात विरघळवून खाली सोडणाऱ्या यंत्राला पत्ता दिला जातो 'मानवत'. यंत्र रेल्वेच्या नकाशावर विसंबतं आणि तुकडी उतरते मानवत रोड स्टेशनवर. गाव अजून काही मैल पुढेच. मालिकेत हे यंत्र आलं तेच काटकसरीपायी. दर आठवड्याला अख्खं यान ग्रहावर उतरवून दाखवणं निर्मात्यांना परवडत नव्हतं. काटकसरीत शेवटचे चार कोस राहूनच जातात, हे निजामाच्या काळात इथे रूळ टाकणाऱ्यांनाही ठाऊक असावं.

बाहेर काळीपिवळी उभी. कॅप्टन म्हणतात, विश्वाचा प्रश्न आहे, ताबडतोब निघा. ड्रायव्हर तंबाखू मळत म्हणतो, "बसा ना साहेब, निघालोच. दोन शिटा आल्या की हाललो." स्पॉक दोन शिटा येण्याची संभाव्यता काढतात आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं उत्तर चुकतं. डॉक्टर मागच्या बाकावर कुणाची तरी नाडी बघत बसतात. लाल सदऱ्याला जागा मिळते ती पायाशी गाठोडं घेऊन बसलेल्या एका म्हातारीशेजारी. ती त्याला वर-खाली न्याहाळते, सदऱ्याच्या बाहीचं कापड चिमटीत धरून सूत कसलं ते बघते, आणि तीन वर्षांत यानावर एकदाही न विचारलेलं विचारते, "कुणाचा रं तू? घरी कोण कोण हाय?"

तो सांगायला लागतो. आईपासून सुरुवात करतो. आईचे गुडघे, वडिलांचं तापट डोकं, थोरल्या भावाचं मोडलेलं लग्न. म्हातारी मधून मधून "अगं बया" म्हणते. दोन शिटा येतात, गाडी निघते, पोचते, चौकात थांबते. धूर सोडणारा जो कुणी शत्रू ठरला होता, तो ठरल्या खडकाआड वाट पाहून कंटाळतो. कॅप्टन खाली उतरून घड्याळ बघत ओरडतात, "चला, उतरा!"

आतून आवाज येतो, "आलोच साहेब. धाकट्या बहिणीचं सांगायचं राहिलंय."