राजवाडा कुठे पळून चाललाय?

नातेवाईक असलेल्या गावात पर्यटन करू नये. करायचंच असेल तर वेश पालटून करावं. माझ्या नवऱ्याला हे पटत नाही. त्याच्या हिशेबात नातेवाईक म्हणजे हॉटेलचं वाचलेलं भाडं. पुण्याहून गाडीनं इंदूरला जायचं ठरलं, तेव्हा त्यानं कागदावर दोन रकाने आखले : ‘शहर’ आणि ‘माणसं’. शहराच्या रकान्यात राजवाडा, लालबाग, काचमंदिर, कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, सराफा. माणसांच्या रकान्यात रामबागेतली त्याची आत्या आणि सुदामानगरातली माझी मावशी. राजवाड्याला दोन तास दिले होते, आणि आत्यापुढे ‘धावती भेट, फक्त चहा’ असं लिहिलं होतं. मी काही बोलले नाही. काही गोष्टी पुरुषाला त्याची आत्याच शिकवू शकते.

पहिला पेच मुक्कामाचा. आत्याकडे उतरलो तर मावशी रुसणार, मावशीकडे उतरलो तर आत्या वर्षभर सासूबाईंना फोन करणार. महिदपूरची लढाई हरल्यावर होळकरांनी १८१८ मध्ये इंग्रजांशी मंदसोरचा तह केला, त्यात निदान दोनच पक्ष होते. आमच्या तहात दोन्ही घरं, सासूबाई आणि माझी आई असे चार. शेवटी ठरलं ते असं : झोपायचं आत्याकडे, जेवायचं मावशीकडे. या कलमातली पळवाट दोन्ही बाजूंनी ताबडतोब शोधली. आत्या म्हणाली, नाश्ता म्हणजे काही जेवण नव्हे. मावशी म्हणाली, दुपारी जेवल्यावर माणूस घटकाभर आडवा होतोच, त्याला झोपणं म्हणत नाहीत.

नाशिक, मालेगाव, धुळं, शिरपूर करत आम्ही सेंधव्याचा घाट चढलो, तोवर आत्याचे इतके फोन आले होते की मोबाइलमधल्या नकाशाच्या बाई गप्प बसल्या. खलघाटला नर्मदा ओलांडली आणि नवऱ्यानं अचानक गाडी महेश्वरकडे वळवली. महेश्वरात आमचं कुणी नाही. त्यामुळे महेश्वर अगदी नीट पाहून झालं. किल्ल्यातून घाटावर उतरलो, अहिल्याबाईंची साधीसुधी गादी पाहिली, मागावरची साडी पाहिली, आणि नवऱ्यानं किंमत विचारायच्या आत ती घेतलीसुद्धा. या बाई नगरकडच्या चौंडीहून लग्न होऊन माळव्यात आल्या. देशभर त्यांनी घाट बांधले, विहिरी खोदल्या, देवळं उभी केली हे शाळेत पाठ केलं होतं. पण इतक्या धर्मशाळा का बांधल्या असतील, हे मला दुसऱ्या दिवशी इंदुरात कळलं.

“अगं, कधीचे वाट बघून राहिलो आम्ही! रस्त्यात खाल्लं असेल तर असू दे, आता खाऊन घ्या,” असं म्हणत आत्यानं दार उघडलं. खाऊन घेतलं. सकाळी उठलो तर पोहे-जिलबी. इंदुरी पोह्यांवर शेव असते, शेवेवर कांदा, कांद्यावर जिरावण, आणि या सगळ्यावर आत्याची नजर. नवऱ्यानं खिशातून कागद काढला. “राजवाडा उघडला असेल,” तो म्हणाला. “राजवाडा कुठे पळून चाललाय?” आत्या म्हणाली आणि जिलबी वाढली. तेवढ्यात शेजारच्या वहिनी आम्हाला बघायला आल्या. त्या प्रवासात सर्वांत मन लावून पाहिली गेलेली स्थळं आम्हीच.

राजवाडा पाहिला, पण सात माणसांनी मिळून. गाडी पाच जणांची. आतोबा पुढे बसले, कारण त्यांना माहिती सांगायची होती. सात मजले, खालचे तीन दगडी आणि वरचे लाकडी. १९८४ च्या दंगलीत आग लागली, एवढं त्यांनी फाटकाशी येईपर्यंत सांगितलं. मग उरलेला वेळ ‘त्या गल्लीत आपले जोशी राहायचे’ या विषयाला गेला. आपले जोशी म्हणजे कोण, हे नवऱ्यालाही ठाऊक नव्हतं, पण तो ‘हो का!’ म्हणत राहिला. आतोबांचा अभिमान मात्र खराखुरा. लताबाई १९२९ साली इंदुरात जन्मल्या, राहुल द्रविड १९७३ साली इंदुरात जन्मला, हे सांगताना त्यांचा आवाज असा होता, की दोन्ही बाळंतपणं आत्यानं निभावली असावीत. “मोठी माणसं इथं जन्मतात आणि बाहेर निघून जातात,” ते हळहळले. का निघून जातात, याचा अंदाज मला तिसऱ्या जिलबीला आला होता.

लालबाग पाहायला जायला सोमवार उजाडला, कारण रविवार मावशीनं जेवणात घेतला होता. सोमवारी लालबाग बंद. आम्ही फाटक पाहिलं. ते बकिंगहॅम पॅलेसच्या फाटकाची नक्कल आहे. लंडनलाही आम्हाला कुणी आत घेतलं नसतं, तेव्हा अनुभव अस्सलच म्हणायचा. गाडीतच मी एक संत्रं सोललं. सालं टाकायला खिडकीची काच खाली घेते आहे असं वाटून मावसभावाची आठ वर्षांची मुलगी किंचाळली. २०१७ पासून वर्षानुवर्षं स्वच्छतेत पहिलं आलेलं शहर ते! तिनं मला ओल्या कचऱ्याची पिशवी दिली आणि बिया वेगळ्या काढायच्या का यावर स्वतःशीच विचार करू लागली.

रात्री मावशीकडे दाल-बाफले झाले. तुपात बुडवलेले. उठताना मी नवऱ्याचा आधार घेतला, त्यानं भिंतीचा. आणि मावसा म्हणाले, “चला आता सराफ्यात.”

दिवसा तिथं सोनं विकतात. रात्री पेढ्या बंद झाल्या की त्यांच्या पायऱ्यांपुढे कढया लागतात आणि मध्यरात्र उलटली तरी गर्दी हलत नाही. नवऱ्याचा चेहरा उजळला, कारण सराफा ‘शहर’ या रकान्यात होता. हवेत उडवून झेललेला दहीवडा, भुट्ट्याचा कीस, थंडीतला तळलेला गराडू, ताटाएवढी जिलबी. तो प्रत्येक ठिकाणी कागदावर खूण करत होता, मावसा प्रत्येक ठिकाणी पैसे देत होते, आणि मावशी प्रत्येक घासाला म्हणत होती, “घरी नीट जेवला नाहीत वाटतं.” इंदूर पाहायचं म्हणजे खायचं आणि नातेवाईकांकडे जायचं म्हणजेही खायचं, तर दोन रकाने आखलेच कशाला, हे मी त्याला विचारणार होते. पण तोंडात गराडू होता.

परतीला डिकीत लोणच्याच्या बरण्या, शेवेची पाकिटं, आणि सासूबाईंना ‘चुकून उरलेला’ ब्लाउजपीस. आता सरळ पुणं, कुठेही थांबायचं नाही, असं नवऱ्यानं जाहीर केलं. शिरपूरचा टोल कापल्याचा मेसेज त्याच्या मोबाइलवर यायच्या आत धुळ्याच्या चुलतसासूबाईंचा फोन आला. इंदूरहून बातमी आधीच पोचली होती.

“काकू, आम्ही बायपासनंच जातोय हो, उशीर झालाय...”

“जा की. माझं काही म्हणणं नाही. वांग्याचं भरीत झालंय, कळण्याच्या भाकरी तेवढ्या तुम्ही आल्यावर टाकते. आणि बायपासला आमचा नंदू उभा दिसेल, त्याला गाडीत घेऊन या. तुम्ही निसटाल म्हणून सकाळपासून उभा केलाय त्याला.”