झिप सोडताना

सोलापुरात मराठी, कन्नड आणि तेलुगू एकाच चहाच्या टपरीवर सुखाने नांदतात. मॅक, विंडोज आणि लिनक्सला मात्र एक झिप फाइलही पुरत नाही.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतला एखादा टॉवेल कारखाना घ्या. डिझायनर मॅकवरून जकार्डची डिझाइनं झिप करून पाठवतो. कारखान्यातल्या विंडोजवर ती सोडली, की आत 'मॅकओएसएक्स' नावाचा आगंतुक फोल्डर निघतो. त्यात डिझाइनांच्या, टिंबाने सुरू होणाऱ्या जुळ्या फाइली. नाव तेच, वजन चिमूटभर, आणि उघडत तर मुळीच नाहीत. ऑपरेटर बिचारा त्यांच्यावरच डबल क्लिक करत बसतो.

लिनक्सवर मोठ्या 'बी'ची बॉर्डर आणि लहान 'बी'ची बॉर्डर या दोन फाइली. विंडोजवर दुसरी पहिलीच्या उरावर बसते. नावात कोलन चालत नाही. 'कॉन' हे नाव तर डॉसच्या जमान्यापासून राखीव. जणू आमदारांची खुर्चीच!

खरी मजा देवनागरीची. झिप 1989 सालची. नावं युनिकोडात आहेत हे सांगणारी खूण तिच्या नियमांत 2006 साली आली. ती खूण लावायची राहिली आणि नावं जुन्या 437 क्रमांकाच्या कोडपेजने वाचली, की 'चादर'मधल्या प्रत्येक अक्षरापाशी ग्रीक अल्फा उगवतो. माल निर्यातीचाच असल्याने मालकांची याला फारशी हरकत नसते.