ठसा न उमटणाऱ्या आजी

महाराष्ट्राच्या शहरी मध्यमवर्गात गेल्या काही दशकांत जे सामाजिक नमुने नव्याने घडले, त्यांत लेकीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला जाणाऱ्या आजींचे स्थान बरेच वरचे आहे, आणि या आजींमध्येही एक पोटजात अशी आहे की जिच्या बोटांचे ठसे कोणत्याच यंत्रावर धड उमटत नाहीत. साठी ओलांडलेली, प्रवासापुरता पंजाबी ड्रेस आणि पांढरे बूट पत्करलेली, गुडघे ठणठणीत असूनही इंग्रजी बोलायला कोणी सोबत मिळावे म्हणून व्हीलचेअर मागवलेली, आणि बॅगेतल्या आळीव, डिंक, भाजणी व मेतकुटाच्या काळजीने स्वतःची काळजी विसरलेली, अशी या पोटजातीची ठळक लक्षणे सांगता येतात.

इमिग्रेशन, म्हणजे परदेशातून आलेल्या माणसाची ओळख व कागदपत्रे पडताळून त्याला आत घ्यायचे की नाही हे ठरवण्याचा सोपस्कार. अमेरिकेने २००४ पासून या सोपस्कारात पाहुण्यांच्या दोन्ही तर्जनींचे ठसे घेण्यास सुरुवात केली आणि २००७च्या अखेरीपासून टप्प्याटप्प्याने दहाही बोटे मागितली, त्यामुळे या आजींच्या अडचणी सरळ पाचपट झाल्या. दोन्ही हातांची चार-चार बोटे आणि दोन्ही अंगठे काचेवर टेकवायचे, आणि ते व्हिसाच्या वेळी मुंबईत दिलेल्या ठशांशी जुळवायचे, अशी ही पद्धत आहे. १४ वर्षांखालील आणि ७९ वर्षांवरील प्रवाशांना सर्वसाधारणपणे यातून सूट असते, परंतु सुटीचे वय गाठेपर्यंत ज्यांच्या बाळंतपणासाठी जायचे ती मंडळी स्वतःच आजी-आजोबा होण्याच्या बेतात आलेली असतात. अलीकडे अनेक विमानतळांवर चेहऱ्याच्या छायाचित्रावर काम भागते. तरीही बोटे मागण्याचा अधिकार अधिकाऱ्याकडे असतोच, आणि तो अधिकार नेमका आपल्याच रांगेत बजावला जातो, असे या पोटजातीचे ठाम मत आहे.

ठसा न उमटण्याचे शास्त्र समजून घेणे येथे आवश्यक आहे. बोटांच्या टोकांवरील त्वचेला कंगोरे असतात व दोन कंगोऱ्यांमध्ये चर असतो. कंगोरा काचेला जिथे नीट चिकटतो तिथे आतून सोडलेला प्रकाश परत फिरत नाही, चरापाशी तो परत फिरतो, आणि त्यातून तयार होणाऱ्या काळ्या-पांढऱ्या नकाशालाच यंत्र माणूस समजते. वयाबरोबर त्वचेची लवचीकता आणि ओलावा घटून कंगोरे काचेला धरत नाहीत, हे कारण खरे असले तरी आजींच्या बाबतीत ते निम्मेच आहे. एका स्विस कुटुंबात जन्मतःच ठसे नसण्याचा आनुवंशिक दोष आढळला, २०११मध्ये त्यामागचे जनुकही सापडले, आणि अशा माणसांचा सीमेवर खोळंबा होतो म्हणून त्या दोषाला ‘इमिग्रेशन डिले डिसीज’ असे टोपणनाव मिळाले. आजींच्या दोषाला मात्र जनुकाची गरज नसून त्याला एक संसार पुरतो. भांड्यांची पावडर, तारेची घासणी, विळीचे ओरखडे, तव्यावरची भाकरी उलथने न घेता बोटांनी परतण्याची सवय, आणि कामाला बाई असतानाही तिने घासलेली भांडी स्वतः पुन्हा विसळल्याशिवाय मांडणीवर न लावण्याचा दंडक, या सर्वांनी मिळून ती दहा बोटे गुळगुळीत केलेली असतात.

प्रत्यक्ष काचेसमोर उभे राहिल्यावर आजी प्रथम बोटे ओढणीला स्वच्छ पुसतात, कारण परक्याच्या वस्तूला खरकटा हात लावू नये असे वळण त्यांना लहानपणापासून असते, आणि या पुसण्यात उरलासुरला ओलावाही जातो. अधिकारी जोर देण्याची खूण करतो, तेव्हा त्या थालीपीठ थापल्यासारखा हात थापतात, आणि कंगोरे एकमेकांत मिसळून आधीचा पुसट नकाशा आता नुसता डाग होतो. बोटांच्या टोकांना तेलग्रंथी नसतात, कपाळाला असतात, म्हणून बोटे कपाळावर फिरवून पुन्हा टेकवावीत हा यावरचा रूढ उपाय होय. परंतु अधिकारी स्वतःचे कपाळ चोळून तो सुचवू लागला, की त्याचे डोके दुखत असावे असे समजून आजी पर्समधील अमृतांजनाची बाटली शोधू लागतात.

या प्रसंगी आजोबांची उपस्थिती विशेष अभ्यसनीय ठरते. निवृत्त बँक अधिकारी असलेल्या या गृहस्थांचे दहाही ठसे पहिल्या झटक्यात, पाठ्यपुस्तकातल्या आकृतीसारखे सुबक उमटतात, आणि त्या यशाच्या बळावर ते “अगं, घाबरू नकोस, हात सरळ ठेव” असे मार्गदर्शन सुरू करतात. “तुमचे उमटणारच! कधी एक बशी तरी विसळलीत का?” हे उत्तर त्यांना मराठीत आणि अधिकाऱ्यासमोरच मिळते. या उत्तरात तथ्य आहे, कारण घरात कोणी किती काम केले याचा हिशेब आजवर कोणत्याही वहीत न लिहिला गेल्यामुळे तो तपासण्याचे काम त्या यंत्राने नकळत केलेले असते.

दुर्दैवाने, ठसे का गेले याचे खरे कारण सांगण्याची मुभा आजींना नसते. “बाळाला सांभाळायला आले असे चुकूनही म्हणू नका, काम करायला आल्या असा अर्थ काढतील, नुसते ‘व्हिजिटिंग डॉटर’ म्हणा,” असे जावयाने निघण्यापूर्वी पढवलेले असते. त्यामुळे जिचे हात कामाने झिजले आहेत ती बाई, आपण कामाचे नावही काढणार नाही अशी हमी देत उभी राहते, आणि अखेर पासपोर्ट, छायाचित्र व उरलेल्या एक-दोन बोटांच्या साक्षीवर तिला प्रवेश मिळतो.

पुढील सहा महिन्यांत लेकीच्या घरचे डिशवॉशर आपले काम चोख बजावते. ठशाचा मूळ आराखडा त्वचेच्या खालच्या थरात असल्यामुळे, वरची झीज थांबली की कंगोरे पुन्हा उगवून येतात, आणि हे आजींच्या ध्यानात येते ते नोव्हेंबरात परत आल्यावर, हयातीच्या दाखल्याच्या वेळी. पेन्शनधारक जिवंत असल्याचा हा दाखला २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ योजनेखाली अंगठा टेकवूनही देता येतो, आणि दरवर्षी बँकेत सगळी बोटे आळीपाळीने लावून जेमतेम जिवंत ठरणाऱ्या या आजींचा अंगठा यंदा पहिल्याच प्रयत्नात उमटतो. काउंटरवरचा मुलगा अभिनंदन करतो, आजोबा अमेरिकेच्या हवेचे गुणगान करतात, आणि आजी मात्र चोरी पकडली गेल्यासारख्या ओशाळून “सहा महिने नुसतं बसून खाल्लं हो” असे पुटपुटत घरी येतात व त्याच दुपारी माळ्यावरची सगळी पितळेची भांडी खाली काढून चिंच आणि राखुंडी घेऊन मोरीत बसतात.