एल्डर

विनिपेगमध्ये जानेवारीत विनाकारण रस्त्यावर दिसणारा माणूस एकतर कुत्र्याने ओढून आणलेला असतो किंवा मॉर्मन असतो. कुत्रेवाला वैतागलेला असतो. मॉर्मन हसत असतो. त्या हसण्यात श्रद्धा किती आणि गाल गोठून तसेच राहिलेत किती, हे त्याला आत घेऊन पाच मिनिटं हीटरपाशी बसवल्याशिवाय कळत नाही.

मॉर्मन पंथाची ही मुलं धर्मप्रचारासाठी जोडीने येतात. वय अठरा ते वीस. पांढरा शर्ट, टाय, त्यावर घोट्यापर्यंत कोट आणि कोटावर छातीशी काळी पाटी. पाटीवर 'एल्डर' आणि पुढे आडनाव. पाळण्यातलं नाव दोन वर्षं घरीच ठेवून यायचं. एका खोलीत राहणारे दोघंसुद्धा एकमेकांना 'एल्डर अमुक', 'एल्डर तमुक' म्हणतात. पूर्वी मुलगे एकोणिसाव्या वर्षी निघायचे, 2012 पासून अठराव्या वर्षी निघू शकतात. खर्च स्वतःचा किंवा घरच्यांचा. गाव मात्र आपण निवडायचं नाही. सॉल्ट लेक सिटीतल्या पंथाच्या मुख्यालयाहून जे येईल ते मुकाट्याने घ्यायचं. अमेरिकी राजकारणी मिट रॉम्नीला तरुणपणी फ्रान्स लागला होता. थंडी बेताची, पण वाइनच्या देशात दारू सोडा म्हणत हिंडायचं! आमच्या एल्डरला विनिपेग लागलं. हा अ‍ॅरिझोनातल्या मेसाचा. ते गाव 1878 मध्ये मॉर्मन मंडळींनीच वसवलेलं, वाळवंटातलं. त्याने तोवर बर्फ मुख्यतः ग्लासात पाहिलं होतं.

त्याला फॅरनहाइट कळतं, आम्हाला सेल्सियस. उणे चाळीसला दोन्ही आकडे एक होतात. आमचं आणि त्याचं पूर्ण एकमत झालेला तेवढाच एक मुद्दा.

आता या धंद्यातली गंमत अशी, की थंडी ही त्याची वैरीण नसून हस्तक आहे. उन्हाळ्यात लोक जाळीच्या दाराआडूनच 'नको, धन्यवाद' म्हणतात. कॅनडातला माणूस तोंडावर दार आपटत नाही. त्याला नकारसुद्धा नीट, दोन वाक्यांत, क्षमा मागून द्यायचा असतो. पण उणे तीसमध्ये दोन वाक्यं म्हणजे घरातली निम्मी ऊब अंगणात. म्हणून आधी 'आत या' म्हणायचं आणि मग नकार द्यायचा. आणि एकदा आत घेतलं की बूट आले. त्या बुटांच्या नाड्या सोडायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात यजमानाला माणुसकी सुचते. शिवाय मोजे दिसतात. आमच्या एल्डरच्या डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता आणि उजवा मोजा त्या जोडीतला नव्हताच. धर्मचर्चेला तयार होऊन बसलेली माझी आई तो अंगठा पाहून थेट सुईदोरा आणायला उठली.

आई साताऱ्याहून हिवाळ्यापुरती आलेली. (हिवाळ्यापुरती का, हे तिचं तिला ठाऊक.) तिचं इंग्रजी बेताचं, त्याचं मराठी शून्य. पहिला पेच चहाचा. दारी आलेल्याला चहाशिवाय पाठवायचं नाही हा तिचा धर्म. चहा, कॉफी, दारू, तंबाखू यांना शिवायचं नाही हा त्याचा, 1833 पासूनचा. "उपास आहे का रे बाळा?" तिने विचारलं. मी समजावलं. मग हळद घातलेलं दूध झालं, सुंठ आणि गवती चहाचा काढा झाला. काढ्याच्या नावातच चहा आहे हे मी त्याला सांगितलं नाही. त्यात चहाची पत्ती नव्हती, तेव्हा हिशेब चोख होता.

घसा मोकळा झाल्यावर तो गोष्टीवर आला. न्यूयॉर्क राज्यात, पामायराजवळ, 1820 साली जोसेफ स्मिथ नावाचा चौदा वर्षांचा मुलगा झाडीत प्रार्थनेला गेला आणि त्याला साक्षात देव दिसला. इथे ऐकणारा बहुधा भुवई वर करतो, आणि त्या भुवईला काय उत्तर द्यायचं हे एल्डरला प्रशिक्षणात शिकवलेलं असतं. आईने भुवई हलवली नाही. "दृष्टांत झाला," ती म्हणाली, "होतो एकेकाला." पुढे देवदूत आला, टेकडीत पुरलेले सोन्याचे पत्रे निघाले, त्यांचं 1830 साली पुस्तक झालं. आई म्हणाली, "स्वयंभू." वाद घालणाऱ्याकडून तो कधी हरला नसता, सगळंच मान्य करणाऱ्या बाईपुढे त्याची गाडी अडली. तिने 'बुक ऑफ मॉर्मन' दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं आणि देव्हाऱ्यात ठेवलं. त्याचा चेहरा असा उजळला, की तिथे आधीपासून गुरुचरित्र आणि गजानन महाराजांची पोथी होती हे सांगायला माझी जीभ रेटेना.

त्याचा खरा संसार सोबत्याशी. एकाने दुसऱ्याच्या नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात राहायचं असा दंडक आहे. साडेसहाला उठायचं, साडेदहाला झोपायचं, मधले सगळे तास तोच एक चेहरा. सोबती पाढे म्हटल्यासारखा शिंकतो म्हणून तक्रार करायची, तर तीही त्याच्याच कानावर जाणार. मिशनची मोटार रिव्हर्स घ्यायची तर एकाने खाली उतरून मागे उभं राहायचं, हाही नियम. गेल्या हिवाळ्यात मी खिडकीतून पाहिलं: एक आत हीटर लावून चाकाशी, दुसरा मागे वाऱ्यात 'ये, ये' करतोय. आतला काचेवरचं बर्फ वितळायची निवांत वाट बघत होता. येशूने दुसरा गाल पुढे करायला सांगितलं खरं, पण विनिपेगमध्ये दोन्ही गाल एकाच वेळी बधिर होतात.

आई विचारे, "याला कुणी मिळालं का रे?" आमच्या बाजूला, माझ्या माहितीत, एकही नाही. पण एल्डर रिकाम्या हाताने जात नाही. दार बंद झालं तर तो विचारतो, 'बर्फ काढून देऊ?' आणि उत्तराआधी फावडं उचलतो. आमच्या गल्लीत पलीकडे एक युक्रेनी आजोबा आहेत. त्यांनी पहिल्या दिवशीच बजावलं, "तुमचं पुस्तक नको." एल्डरने मान डोलावली आणि ड्राइव्हवे साफ केला. दर बर्फानंतर हाच संवाद, हाच ड्राइव्हवे. डिसेंबरअखेर आजोबांनी बर्फ उडवायचं यंत्र विकून टाकलं.

दर काही आठवड्यांनी बदल्या होतात. फेब्रुवारीत आमच्या एल्डरची झाली. घरी दर आठवड्याला बोलायची मुभा 2019 पासून आहे. निघायच्या आधीच्या फोनवर त्याने माझ्या आईला पडद्यावर आपल्या आईसमोर उभं केलं. मेसातली माउली म्हणाली, "तो कानटोपी घालतो ना?" मी भाषांतर केलं. एल्डरने आईकडे पाहिलं. टोपीने केस बसतात म्हणून ती तो खिशात ठेवायचा, हे आईला पक्कं ठाऊक होतं. "यस यस," आई म्हणाली, "ऑलवेज."

दुसऱ्याच दिवशी आजोबांचा फोन. रात्रीत वीतभर बर्फ पडलं होतं.

"नवा आला म्हणे. कुठला आहे?"

"टोंगा बेटांवरचा," मी म्हटलं.

पलीकडे बराच वेळ शांतता. मग आजोबा म्हणाले, "त्याला जरा आधी माझ्याकडे पाठव. फावडं कसं धरायचं ते मी शिकवतो. पुस्तक नको म्हणावं."