विषयपंत

इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर पहाटे तीन प्रकारची माणसं भेटतात : वजन घटवणारी, साखर घटवणारी आणि आमचे विषयपंत. पंत काही घटवत नाहीत, वाढवतात. दर फेरीला कवितेचा एक विषय. मग बाकावर टेकून जाडजूड रजिस्टरात अनुक्रमांकासह नोंद. उभी नोकरी आवक-जावक टेबलावर झाली. आवकेचा हात अजून बसलेला आहे, जावक तेवढी व्हायची आहे.

"कविता अडते कशानं? विषयांचा साठा नसतो म्हणून!" हे त्यांचं निदान. साठा वाढवायची रीतही ठरलेली. पानाच्या मधोमध एक शब्द लिहायचा आणि त्याला फांद्या फुटू द्यायच्या. परवा 'बोगदा' लिहिला. बोगद्यातून अंधार, अंधारातून गर्भ, गर्भातून जन्म, जन्मातून दाखला आणि दाखल्यातून थेट महापालिका. तिथे कल्पनाशक्ती जी रांगेत उभी राहिली, ती अजून उभीच आहे.

डिसेंबर २०२१मध्ये नाशकात ९४ वं साहित्य संमेलन भरलं. लोक पुस्तकांच्या पिशव्या घेऊन परतले, पंत बासष्ट विषय घेऊन.

काकूंनी एकदा सुनावलं, "अहो, कुसुमाग्रजांची 'विशाखा' १९४२ला आली, तेव्हा ते तीस वर्षांचे होते. तुम्ही एकसष्ट!"

"त्यांना संग्रह काढणारे खांडेकर भेटले. मला भेटलीस तू, कोथिंबीर आणायला पिटाळणारी!" असं म्हणता म्हणता पंतांनी 'कोथिंबीर' टिपून घेतली.

मागच्या आठवड्यात अघटित घडलं. रजिस्टर रिक्षात राहिलं. चार हजार एकशे बारा विषय गेले! पंत जेवले नाहीत. रात्री उशिरापर्यंत दिवा जळत होता. सकाळी ट्रॅकवर आले ते लाल डोळ्यांनी, हातात दुधाच्या बिलाचा कागद. मागच्या बाजूला चार ओळी. खऱ्याखुऱ्या, त्यांच्या स्वतःच्या. मी वाचल्या आणि चक्क गप्प झालो.

"पंत, पुढचं लिहा. थांबू नका."

दुसऱ्या दिवशी पंत लांबूनच हात हलवत आले. "सापडलं! रिक्षावाला घरी आणून देऊन गेला."

"वा! आणि ती कविता?"

"तिची काळजी नको," पंतांनी काखेतलं रजिस्टर थोपटलं. "व्यवस्थित नोंदवून ठेवलीय. विषय क्रमांक ४११३ : हरवलेली वही."