बोअरला पाणी आहे, पण कुणाला सांगू नका

या की ताई, जरा भिंतीपाशी या. लेकराचा डबा झाला का? माझ्या मेसचे डबे आत्ताच क्लासला गेले. तुम्ही हिंगोलीहून लेकरासाठी इथं खोली करून राहिलाव, बाहेरच्या आहाव, म्हणून सांगते. गल्लीतल्या बायकांना सांगायची सोय नाही, संध्याकाळपर्यंत तुमच्या घरमालकाच्या कानावर जातं.

समोरच्या मास्तरांची थोरली बघितलीव ना? हातात लोखंडी टेप घेऊन घरोघर फिरायली, ती. बारावीला मार्क चांगले होते हो. लातुरात राहून, त्यात मास्तरांची लेक असून, नीटचा फॉर्मच भरला नाही तिनं. लोक सांत्वनाला गेले होते त्यांच्याकडं, खोटं नाही सांगत. मीच चहाला दूध नेऊन दिलं. बीएस्सी इथं केली आणि आता नांदेडला एमएस्सी, पर्यावरणशास्त्र. विष्णुपुरीला स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ आहे, १९९४ ला मुक्तिसंग्राम दिनीच निघालेलं, तुमच्या हिंगोलीची कॉलेजं पण त्याच्याखालीच येतात. तिथं भूशास्त्र संकुल म्हणून आहे.

मागं औशाहून स्थळ आलं होतं. मुलाच्या आईनं विचारलं, पर्यावरणशास्त्र म्हणजे करतात काय? ही पोरगी पोह्यांची बशी हातात धरून म्हणली, ‘मावशी, तुमच्या घरचं धुण्याचं पाणी कुठं सोडता?’ झालं. गाडी निघाली औशाला परत. मास्तर आत जाऊन बसले.

मला तर नवल वाटतं. तुम्ही २०१६ ला इथं नव्हताव. धनेगावचं मांजरा धरण कोरडं ठक्क. मार्चात पाणी भरायच्या ठिकाणी १४४ कलम लावलं कलेक्टरनी, पाचाच्या वर माणसं जमायची नाहीत म्हणून. घागरीवरून डोकी फुटतील अशी भीती होती. एप्रिलात मिरजेहून रेल्वे आली, जलदूत. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढं पन्नास वाघिणींची यायला लागली. कुठली कृष्णा, कुठलं लातूर! इतकं सोसलेल्या गावात पाण्याचं शिकणारी लेक म्हणजे वाया गेलेली, आणि डॉक्टर होऊन पुण्याला जाणारा तो हिरा. माझी चूल त्या नीटवाल्यांवरच पेटते, पण खरं ते खरं.

एकदा माझ्या ओट्यावर बसून तिनं समजावून सांगितलं. आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे, लाव्हाच्या थरावर थर, भाकरीची चवड असते तसे. पाणी राहतं ते वरच्या मुरमात आणि थरांमधल्या फटींत. मधला दगड घट्ट, त्याच्यात थेंब शिरत नाही. फट लागली तर पाणी, नाही तर सहाशे फुटांवर पण नुसती धूळ. आणि लागलं तरी तेवढ्या फटीतलंच, ते चार घरांनी ओढलं की चौघांचंही तळाला. नांदेडकडं म्हणे देगलूर-बिलोलीला दगडच बदलतो, ग्रॅनाइट लागतो. तिकडं त्यांची वर्गाची सहल गेली होती. पोरगी पिशवीभर दगड घेऊन आली, एकेका दगडाला चिठ्ठी चिकटवलेली. त्यातला एक तिच्या आईनं लसूण ठेचायला काढलाय. चिठ्ठी भिजून गेली, आता तो कुठला कुणाला माहीत.

कोपऱ्यावरच्या वकिलांचं ऐकलाव का? उन्हाळ्यात त्यांनी पाणाड्या आणला. तळहातावर नारळ आडवा घेऊन तो अंगणभर फिरला, जिथं नारळ उभा राहिला तिथं चुन्याची फुली. मग म्हणले, फुकटातली शिकलेली पण आहे, तिला पण विचारू. ती म्हणली, ‘काका, नवीन मारू नका. आहे त्याच बोअरच्या कडेला खड्डा घेऊन छताचं पाणी जिरवा. कायद्यात ६० मीटर म्हणजे दोनशे फुटांवर गेलं की खोल विहीर धरतात, तुम्ही सातशेच्या गोष्टी करायलाव.’ वकिलाला कायदा सांगितला तिनं! २००९ चा भूजल कायदा. ते असे तापले की काय सांगू. आणि बोअर मारलाच. लागलं का पाणी? ते विचारायचं नाही, त्यांच्या दारात टँकर उभा असतो ते बघायचं. पाणाड्या कधी नाही म्हणत नाही ताई, पैसे घेतो आणि जागा दाखवतो. ही नाही म्हणायला शिकून आली, तिच्या विद्येला गिऱ्हाईक कुठून येणार?

बरं, आता मुद्द्याचं. हळू बोला. तिचा प्रोजेक्ट चालू आहे, गल्लीतले बोअर मोजायचे. सरकारी भूजलवाले वर्षातून चारदा विहिरी मोजतात, तसंच. टेपच्या शेवटाला पांढरा खडू फासते, केसिंगमधून हळूहळू खाली सोडते, वर ओढते. खडू जिथवर ओला होऊन काळपटला तिथवर पाणी. वहीत आकडा, तारीख, वेळ. मोटर किती वेळ बंद होती ते पण विचारते, आत्ताच चालवली असली तर म्हणे पातळी खोटी दिसते.

परवा तुमचे घरमालक गावाला गेले होते ना? त्यांच्या सूनबाईनं हौसेनं झाकण काढून दिलं. मी होते तिथं, ह्या डोळ्यांनी बघितलं. शंभर फुटांच्या आत खडू ओला!

आणि तुमच्याकडून बोअर आटलाय म्हणून महिन्याला टँकरचे पैसे वेगळे घेतात ना? तुमच्याकडून, वरच्या दोन्ही खोल्यांकडून, मागच्या पोरांकडून. टँकर कधी रिकामा होताना बघितलाव का तुम्ही? मी तर नाही बघितला.

भांडायला जाऊ नका आत्ताच. नीटची परीक्षा होईपर्यंत लेकराला खोली सोडायला नको. पोरगी पुढच्या महिन्यात परत मोजायला येणार आहे. तोवर सूनबाईला धरून ठेवा, चटणी-बिटणी द्या. सासऱ्याला कळलं तर झाकणाला कुलूप घालतील. आणि ते आले बघा गाडीवरून. काय म्हणत होते मी... हां, मेथी लई महाग झाली बाई!